पूल आला, मागोमाग ये

चन्च्यांग, ९ नोव्हेंबर

शूफन,

आई गेली. ऑक्टोबरच्या चार तारखेला, सकाळी, पेज भरवत असताना. दुसरा चमचा तोंडातच राहिला.

तुला हे असं कागदावर कळतंय याचं मला वाईट वाटतं. पण तुझा नंबर लागत नाही, आणि माझ्याकडे तुझा हा जुना पत्ताच आहे. एकवीस वर्षांनी माझं अक्षर बघून तू पत्र फाडणार असशील तर आधी एवढं वाच: आईला घेऊन मी गावाकडे निघालोय. पुरायचा मुहूर्त वीस तारखेचा, सकाळी नवाच्या आत. पंचांगवाल्यानं दुसरा दिवस चैत्राशिवाय नाही म्हणून सांगितलं. तू ये.

दोन वर्षांपासून तिची वाचा गेली होती. उजवी बाजूही गेली. पण शेवटच्या आठवड्यात एक वाक्य तिनं अख्खं बोललं. "मला त्यांच्या उजव्या हाताला ठेव." पुरुष डावीकडे, बाई उजवीकडे, ते तुला ठाऊकच आहे. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

धरणासाठी गाव उठवून आम्हाला धाडलं त्या छोंगमिंग बेटावरून निघताना काळी छत्री धरली, आईच्या राखेच्या पेटीला लाल फडकं बांधलं, पिशवीत घालून पोटाशी घेतली. आणि बेटाचा पूल लागला तेव्हा हाक मारली. आजीला नेताना बाबांनी मारली होती तशीच. "आई, पूल आला, मागोमाग ये." पूल आला की सांगायचं, बोगदा आला की सांगायचं, नाहीतर ती पाण्याच्या अलीकडेच उभी राहील आणि जन्मभर, म्हणजे आता जन्म कसला, उभीच राहील. बसमध्ये शेजारचा माझ्याकडे बघायला लागला, म्हणून मी मोबाइल कानाला लावला. आता तीच युक्ती चालवतोय.

एकाच गाडीनं थेट गेलो असतो तर एक दिवसाचं काम. पण गुडघा सुजलाय, सलग बसवत नाही. वीस वर्षं छोंगछिंगच्या पायऱ्यांवर बांबू खांद्यावर टाकून लोकांची ओझी वाहिली, त्याची ही पेन्शन. म्हणून टप्प्याटप्प्यानं, नदीच्या काठाकाठानं जातोय. इथं उतरलो. सगळ्या गावाला शिरक्याचा आंबूस वास आहे. आईला आवडला असता.

वीस तारखेला ये. बाकी काही बोलायची गरज नाही.

रान तागुई


नानचिंग, ११ नोव्हेंबर

शूफन,

काल पोहोचलो. तटबंदीच्या आतल्या एका गल्लीत खोली मिळाली, तीही खोटं बोलून. मालकीण जाडजूड, तोंडाची फटकळ. पिशवी बघून म्हणाली, "यात काय? इतकं जपून धरलंय, नातू आहे की काय?"

"लोणचं आहे. गावची बरणी," मी म्हटलं.

"कुठलं गाव?"

"युनयांग. वर, दऱ्यांमधलं."

"मग तिखट असणार. सकाळी पेजेबरोबर थोडं द्या की."

"अजून मुरलं नाही."

"नवरा नाही, मूल नाही, लोणचं मुरायची वाट बघायला वेळच वेळ आहे मला," ती म्हणाली आणि किल्ली दिली.

मेलेलं माणूस बरोबर आहे म्हटलं असतं तर तिनं मला पिशवीसकट नदीत ढकललं असतं. तिचंही खरं आहे म्हणा. रात्री आईला टेबलावर ठेवलं, समोर वाटी आणि जेवायच्या काड्या मांडल्या. खारवलेल्या बदकाचा तुकडा ठेवला. ती असती तर म्हणाली असती, "एवढं मीठ? समुद्र आटला का यांचा?"

आज निघणार होतो, पण तिकीट मिळालं नाही.

तू येशील तेव्हा लोकांसमोर जुनं उकरून काढू नकोस, एवढंच सांगायचं होतं. त्या दिवशी टेकडीवर माझा हात सुटला हे मान्य. पण तूही वेळकाळ बघितली नाहीस. सगळं गाव जमलं होतं, फटाक्यांची माळ पेटवायची बाकी होती, आणि तू बाबांच्या अस्थींच्या मडक्यावर हात ठेवून म्हणालीस, "उघड. मला डावा हात बघू दे." बाबांची दोन बोटं नावेच्या दोरात तुटली होती हे मला काय ठाऊक नव्हतं? अस्थींवर आभाळ पडू द्यायचं नाही म्हणून मी उजाडायच्या आत, बुडणाऱ्या जुन्या थडग्यातून, छत्रीखाली बसून वेचल्या, आणि तू भरदुपारी झाकण काढायला निघालीस. कोणताही थोरला भाऊ काय करेल? दुसऱ्यानं दोन दिल्या असत्या.

असो. मेलेल्या माणसांमध्ये आपण जिवंतांनी भांडू नये.

तागुई


च्योच्यांग, १४ नोव्हेंबर

शूफन,

एक घोटाळा झाला. तुला सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगितला तर मला वेड्याच्या इस्पितळात टाकतील.

परवा नानचिंगहून दक्षिणकाठच्या गाडीत बसलो. वूहू गेलं, थोंगलिंग गेलं. प्रत्येक ओढ्यावर, प्रत्येक नाल्यावर मोबाइल कानाला लावून हाक मारत होतो. दुपारी ऊन खिडकीतून मांडीवर आलं आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा समोरची बाई सामान काढत होती, च्योच्यांग आलं म्हणत होती. मी विचारलं, "सरोवराचा पूल?"

"तो मघाशीच गेला. घोरत होतात की तुम्ही."

फोयांग सरोवराचं तोंड. समुद्राएवढं पाणी. आणि आई पलीकडच्या काठावर, हूखौला, एकटी. तिला पोहता येत नव्हतं. नावाड्याची बायको, पण घोटाभर पाण्यातही कधी उतरली नाही.

मी स्टेशनावर पिशवी उघडून पेटीला हात लावून बघितला. गार होती. गारच असणार, चिनी मातीची आहे. पण मला वाटलं, रिकामी आहे. तिकीट काढलं, काल सकाळी उलट्या गाडीनं हूखौला गेलो. फलाटाच्या टोकाला उभं राहून हाका मारल्या. झाडणारा माणूस जवळ आला.

"कुणी हरवलं का?"

"आई."

"म्हातारी असेल. बाकावर बसवून जायचं होतं ना. थांबा, मी आत सांगतो, पुकारा करतील."

"नको. ती येईल," मी म्हटलं.

तासाभरानं परतीची गाडी आली. या वेळी पूल लागला तेव्हा मोबाइलबिबाइल काही नाही. उघडपणे म्हटलं, "आई, मोठा पूल आहे, माझी बंडी धर." पूल संपेपर्यंत म्हणत राहिलो.

आता खरं सांगतो. काल तिकडून परत आल्यावर पेटी जड लागली, म्हणजे ती आली. पण मला आनंद त्याचा नव्हता, एक दिवस वाया गेला याचा होता. गुडघा ठीक आहे, शूफन. नानचिंगला तिकिटं मिळत होती. आज इथं पाऊस आहे म्हणून थांबलोय असं लिहिणार होतो, पण ऊन पडलंय.

मला पोहोचायचं नाही.

तागुई


हानखौ, १५ नोव्हेंबर

शूफन,

वूछांगहून गाडी निघाली आणि मोठा पूल आला. नदीवरचा पहिला. वर मोटारी, खाली आपण. बाबा सांगायचे, हा पूल झाला तेव्हा ते नाव घेऊन खालून गेले होते आणि मान दुखेपर्यंत वर बघत बसले होते. मी हाक मारायला तोंड उघडलं, "आई, पूल आला" म्हटलं, पण "मागोमाग ये" म्हणवेना. माझ्यामागून ये असं मी तिला कुठल्या तोंडानं सांगू? मी तिला कुठं नेतोय?

सांगून टाकतो. पुन्हा धीर होणार नाही.

टेकडीवरच्या मडक्यात बाबा नाहीत.

त्या वसंतात मी छोंगछिंगहून आलो ते सहा वर्षांनी आलो होतो. दर चैत्रात छिंगमिंगला, पितरांच्या दिवशी, थडग्यावरचं गवत कापायला, कागद जाळायला तूच जायचीस. थडग्यांवरचे दगड तर आपल्या लहानपणीच काढून डुकरांच्या गोठ्याला लावले होते, उरले होते नुसते उंचवटे, आणि सहा वर्षांच्या मातीनं तेही बसलेले. तू म्हणालीस, "मी येते. मला डोळे मिटून सापडेल." मी म्हटलं, "लग्न झालेल्या लेकीनं अस्थी वेचल्या तर माहेरचं दैव सासरी जातं. घरी थांब." तू म्हणालीस, "माहेर धरणाच्या पाण्याखाली चाललंय, दैव कुठलं घेऊन बसलास?" सगळे हसले. मला ते लागलं. छोंगछिंगमध्ये मी लोकांचा हमाल, पण गावात रान घराण्याचा थोरला मुलगा होतो ना.

पहाटे एकटा गेलो. छत्री बांधली, खणलं. संत्र्याच्या झाडापासून तिसरा उंचवटा, असं मला वाटत होतं. लाकूड कुजलं होतं. पायाकडून वेचायला सुरुवात केली, तशीच करतात. पाय, मांड्या, कंबर. छातीच्या बरगड्यांपाशी हाताला पितळ लागलं.

चिलमीचं टोक होतं. शेजारच्या थान हाईशानच्या आईचं. अख्ख्या गावात पितळी टोकाची चिलीम तिचीच. त्या टोकानं हाईशानच्या आणि माझ्या टाळक्यात किती वेळा बसलंय, मोजदाद नाही. आम्ही तिची संत्री चोरायचो, आणि ती पाठीमागून येऊन टक् करून हाणायची, आणि मग एक संत्रं सोलून दोघांत वाटून द्यायची.

मी स्वतःला म्हटलं, बाबाही चिलीम ओढायचे. बांबूची ओढायचे, शूफन. साध्या बांबूची.

परत पुरून दुसरा उंचवटा खणता आला असता. पण पूर्वेला तांबडं फुटलं होतं. दुसऱ्या सकाळी बुडणाऱ्या जमिनीवर चुना फवारणारी माणसं आणि यंत्रं येणार होती. दुसरा कुठला, चौथा की दुसरा, की झाडच वेगळं, मला माहीत नव्हतं. घरी यायला पाव तास लागत होता. तुला उठवून "चल, दाखव" म्हटलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं.

मी ते म्हटलं नाही. सगळ्यांसमोर तुला घरी बसवलं होतं, आता तुझ्याच दारात कसं उभं राहायचं? एवढ्यासाठी. फक्त एवढ्यासाठी मी चिलमीसकट त्या बाईला मडक्यात भरलं, वर डोकं ठेवलं, झाकण लावलं आणि टेकडीवर नेलं. आणि तू म्हणालीस, "मला डावा हात बघू दे."

त्या मडक्यात दोन्ही हातांना पाच-पाच बोटं आहेत.

दादा


चिंगचौ, १७ नोव्हेंबर

शूफन,

इथं तटावर चढून बसलो होतो. खाली म्हातारे पत्ते कुटत होते. एकानं हाक मारली, "ओ पाहुणे, चौथा भिडू हवाय." मी म्हटलं, आई बरोबर आहे. "मग आईलाही आणा, आम्ही काय खातो का?" म्हणाला. हसलो मी. तुला एवढं सांगून झाल्यावर मला हसू येत होतं, याचाच राग आला, म्हणून उरलेलंही लिहितो.

हाईशान त्याच दिवशी दुपारी आईला हलवायला गेला. त्यानं बरोबर जागी खणलं. मी माती पुन्हा सारखी केली होती, ती त्यानं उपसली आणि आत काही नव्हतं.

आम्ही तीन दिवसांनी बेटाकडे जाणाऱ्या बोटीत बसलो. ते तीन दिवस तो खणत होता. आजूबाजूचे सगळे उंचवटे. चुनेवाले आले, त्याला ओढून बाजूला केलं, तो पुन्हा गेला. लोक म्हणाले, याचं डोकं फिरलंय, जागा विसरलाय आणि भुतांना दोष देतोय. मी धक्क्यावर बिछान्याची वळकटी बांधत होतो. तो आला, हात कोपरापर्यंत पांढरे. म्हणाला, "तागुई, तू त्या पहाटे तिथं होतास. कुणी दिसलं का रे?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

"तुझे बाबा सापडले?"

"सापडले."

"नशीबवान आहेस," म्हणाला. मला वळकटी उचलू लागला. ती त्याच हातांनी त्यानं बोटीत ठेवली, पांढरे पंजे उमटले होते चादरीवर. बायको बेटावर पोहोचेपर्यंत पुसत होती, गेले नाहीत.

जूनमध्ये धरणाचं पाणी चढलं आणि तो त्या उतारावरून आत चालत गेला. तू आईला फोनवर सांगितलंस. आम्ही जेवत होतो. आईनं फोन ठेवला आणि म्हणाली, "बिचारा. त्याच्या आईला कुणीतरी खणून नेलं म्हणतात. कोण असेल रे असला नीच?"

मी म्हटलं, "कोणास ठाऊक. भात वाढ."

आणि तिनं वाढला.

अजून एक आहे. पहिल्या पत्रात लिहिलं की तुझा नंबर लागत नाही. तुझा नंबर मी आईच्या फोनमधून काढून टाकला. दोन वर्षांपूर्वी, तिची वाचा जायच्या आदल्या महिन्यात. ती सारखी म्हणायला लागली होती, "शूफनला विचारते, टेकडीवर जाऊन आली का." चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, तुम्ही दोघी बोलता बोलता मडक्यापर्यंत येणार. मग तिचा फोनच बदलला, नंबर नवा घेतला. तू किती वेळा लावला असशील त्या जुन्या नंबरला? ती खिडकीशी बसून डाव्या हातानं कानाला काहीतरी लावल्याची खूण करायची. मी तिला पाणी द्यायचो.

हे तू माफ करावंस म्हणून लिहीत नाही. तू येणार असशील तर हे माहीत असून ये.

दादा


वानचौ, १८ नोव्हेंबर

शूफन,

यीछांगपासून इथपर्यंत रूळ म्हणजे बोगदा, पूल, बोगदा, पूल. मधे जमीन दिसली तर नशीब. "आई, बोगदा आला. आई, संपला. आई, पूल आला. आई, बोगदा." मोबाइल कानाला. समोर एक बाई सूर्यफुलाच्या बिया सोलत होती. दहाव्या बोगद्याला तिनं विचारलं, "काका, बोगद्यात तर रेंज नसते. कुणाशी बोलताय?"

मी मोबाइल खिशात घातला.

तिची नजर पिशवीतल्या लाल फडक्यावर गेली आणि बिया तशाच हातात राहिल्या. "बाई बाई," एवढंच म्हणाली आणि उठून गेली. थोड्या वेळानं गाडीतली मदतनीस मुलगी आली. हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, नियमात बसतं, मी काही म्हणत नाही. पण लोक घाबरतात. दाराजवळ उभे राहाल का? तिथं गरम पाण्याची टाकी आहे, ऊबही मिळेल."

उभा राहिलो. वीस वर्षं उभाच होतो. तिथं एक म्हातारा शेवयांच्या डब्यात पाणी भरायला आला. बराच वेळ ऐकत राहिला.

"कोण?"

"आई."

"वय?"

"चौऱ्याऐंशी."

"मग असं पुटपुटून काय उपयोग? कानानं कमी ऐकू येत असेल तिला. मोठ्यानं बोला," म्हणाला आणि शेवया घेऊन निघून गेला.

मग मी मोठ्यानं बोललो. बोगद्यात गाडीचा इतका गडगडाट होतो की माझं मलाही ऐकू येत नव्हतं. पिशवीचं तोंड उघडून आत तोंड घातलं आणि सांगितलं. पूल आला, आई. आई, टेकडीवर बाबा नाहीत. बोगदा आला. मी हाईशानच्या आईला चोरलं. बोगदा संपला, पूल आला. हाईशान माझ्यामुळे गेला. शूफनचा फोन मी तोडला. मागोमाग ये किंवा येऊ नकोस, तुझी मर्जी. पेटी पोटाशी होती, जड होती तेवढीच होती. ती उतरून गेली नाही. मला वाटत होतं, जाईल.

गाडी वानचौला पोहोचली तेव्हा ती मुलगी म्हणाली, "आजोबा, तोंड पुसा." मी पुसलं.

परवा वीस तारीख. तू येणार नाहीस असं वाटतं. मी तुझ्या जागी असतो तर आलो नसतो.

दादा


युनयांग, २१ नोव्हेंबर

शूफन,

परवा आधी तुझ्या घरी गेलो. आठव्या मजल्यावर. दाराला कुलूप, कुलपावर धूळ. खाली टपालपेटीत माझी पाकिटं होती, चन्च्यांगपासूनची, एकावर एक. वानचौहून टाकलेलं अजून वाटेत असावं. शेजारीण म्हणाली, "शूफन? ती दोन वर्षं झाली फूच्येनला मुलाकडे राहते. फक्त छिंगमिंगला येते." नंबर तिच्याकडेही नव्हता.

म्हणजे तुला अजून काहीच माहीत नाही. आई आहे असंच तू धरून चाललीस.

काल, वीस तारखेला, टेकडीवर खणणारे दोघं पहाटेपासून आले होते. बाबांच्या, म्हणजे त्या मडक्याच्या उजव्या हाताला खड्डा तयार. त्यांतला मुकादम म्हणाला, "चला, नऊ वाजायला आले, उतरवा म्हातारीला." मी उतरवली नाही. मी म्हटलं, शेजारचं उघडा.

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? उघडलेलं पुरायचं असतं, पुरलेलं उघडायचं नसतं."

"उघडा. पाप माझ्या डोक्यावर."

छत्री मी धरली. मडक्याचं झाकण काढलं, आत हात घातला. पितळेचं टोक तसंच आहे, हिरवं पडलंय फक्त. मुकादमानं हातातली कुदळ टाकली आणि दोघं निघून गेले. खड्डा तसाच उघडा आहे.

मग मी खाली नव्या गावात, पूजेचे कागद विकणाऱ्या बाईच्या दुकानात गेलो. बुडालेल्या जागेवर जायला नाव मिळेल का विचारायला आणि कागद घ्यायला. आडनाव सांगितलं तर ती म्हणाली, "रान? शूफनचे कोण तुम्ही?"

"भाऊ."

"असा भाऊ आहे हे ती कधी बोलली नाही," म्हणाली, आणि मला नीट बघून घेतलं. "वीस वर्षांपासून दर छिंगमिंगला येते ती माझ्याकडे. तीन गठ्ठे घेते. टेकडीवर जात नाही, नावेतून जाते. एका जागी नाव थांबवते, घमेल्यात तिन्ही वेगवेगळे जाळते आणि राख पाण्यात सोडते. मी एकदा विचारलं, एक बाबांसाठी, मग बाकीचे दोन कुणाचे? म्हणाली, शेजारच्यांचे. आई आणि मुलगा."

मी दुकानाच्या पायरीवर बसलो.

तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. हाईशान तुझ्याकडेही आला असणार विचारायला, त्याला तर जागाच तुझ्याकडून पक्की करून घ्यायची असेल, आणि तू रिकामा खड्डा बघितला असशील, आणि तुला कळलं असेल की टेकडीवर कोण आहे. गालावर माझी बोटं उमटलेली होती तेव्हा तुझ्या. एक शब्द तू बोलली असतीस तर गावानं मला फाडून खाल्लं असतं. तू बोलली नाहीस. आणि मग तो पाण्यात गेला, आणि ते तुझ्याही माथी बसलं. मी वीस वर्षं भात खात होतो, आणि मी जाळायचे ते गठ्ठे तू जाळत होतीस.

त्या बाईनं नाववाल्याचं नाव सांगितलं. त्याला गाठलं. तो म्हणाला, "ती दरवर्षी वेगळी नाव करते. आणि आम्हाला काय, सगळीकडे पाणीच पाणी. ती म्हणते थांब, आम्ही थांबतो."

आता माझ्या खोलीत टेबलावर दोघी आहेत. आईची पेटी आणि हाईशानच्या आईचं मडकं. समोर दोन वाट्या, दोन काड्यांच्या जोड्या. आज संत्रं सोलून दोघींत वाटून ठेवलं. मालकाला मी लोणचं म्हणून सांगितलं नाही. खरं सांगितलं. त्यानं मागची खोली दिली, खिडकी नसलेली. ठीक आहे.

मी बेटावर परत जात नाही. काल एक बांबू विकत घेतला. धक्क्याच्या पायऱ्या इथंही आहेत, ओझीही आहेत. बासष्ट वय झालं, पण छिंगमिंगपर्यंत साडेचार महिने निघतील. हे पत्र आणि टपालपेटीतली सगळी पत्रं दुकानातल्या बाईकडे ठेवतोय. तीन गठ्ठ्यांबरोबर ती तुला देईल. नावेत बसायच्या आधी वाच, नंतर वाच, किंवा घमेल्यात टाक. पण एक उत्तर मला हवंय, आणि ते एकवीस वर्षांपूर्वी, तांबडं फुटत होतं तेव्हा, पाव तास चालत येऊन तुझ्या दाराशी मागायला हवं होतं. तेव्हा जमीन होती, पाय होते, तूही होतीस. तेव्हा मागितलं नाही, आता मागतो.

मी धक्क्यावर सगळ्यात खालच्या पायरीवर असेन. दोघींना घेऊन. हाक मला नीट मारता येते आता, वाटेत सराव झालाय. फक्त कुठं थांबून मारायची ते मला माहीत नाही.

शूफन, बाबा कुठं आहेत? चल, दाखव.

दादा